नाईलवरचे चार दिवस : पाण्यावरून पाहिलेली देवळे

कमाटीबागेतल्या संग्रहालयात सहल गेली की मुले दोन ठिकाणी हटकून थांबतात. एक देवमाशाच्या सांगाड्यापाशी आणि दुसरे इजिप्तच्या ममीपाशी. मागच्या वर्षी सातवीच्या मुलांनी ममीपुढे उभे राहून आमच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "बाई, हिचे गाव कसे असेल?" ममी कशी करतात ते आम्ही सांगू शकलो, पण गावाचे उत्तर आम्हांला नीट देता आले नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही शाळेतले चार शिक्षक इजिप्तला जाऊन आलो, त्यामागे ही रुखरुख होतीच. कैरो आणि पिरॅमिड पाहून झाल्यावर आम्ही लक्झर ते आस्वान हा प्रवास बोटीने केला. परतल्यावर मुलांनी आणि पालकांनीही पुष्कळ विचारले. सगळ्यांना वेगवेगळे सांगण्यापेक्षा वार्तापत्रातच लिहावे असे ठरले.

वर म्हणजे खाली!

पहिल्याच संध्याकाळी आमच्यात वाद झाला. बोट लक्झरहून आस्वानला, म्हणजे नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाली होती. एकजण म्हणाले, "आपण खाली चाललो." भूगोलाच्या सरांनी लगेच दुरुस्ती केली, "नाही, आपण वर चाललो."

सरांचेच बरोबर होते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि भूमध्य समुद्राला मिळते. त्यामुळे दक्षिणेकडचा डोंगराळ भाग म्हणजे 'वरचा इजिप्त' आणि उत्तरेकडचा, समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश म्हणजे 'खालचा इजिप्त'. नकाशा भिंतीवर टांगून शिकणाऱ्या आपल्याला हे उलटे वाटते, पण नदीकाठी राहणाऱ्याची दिशा पाण्यावरून ठरते. नर्मदेचेच पाहा ना. ती पश्चिमेला वाहते, म्हणून चांदोदच्या नावाड्याला 'वर' म्हणजे पूर्व.

नाईलचे आणखी एक भाग्य असे की तिथला वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे प्रवाहाबरोबर उत्तरेला जायचे तर नाव नुसती सोडून द्यावी, आणि दक्षिणेला यायचे तर शीड उभारावे. इंजिन नव्हते तेव्हाही ही नदी दुहेरी रस्ता होती. प्राचीन चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' या शब्दाबरोबर शीड उभारलेल्या नावेचे चित्र काढत आणि 'उत्तरेला जाणे' यासाठी शीड उतरवलेल्या नावेचे. लिपीतच नदीचा धडा आला.

देवळे काठावरच का?

लक्झर ते आस्वान हे अंतर नदीने दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. बोटीला तीन किंवा चार रात्री लागतात, कारण वाटेत थांबत जायचे असते. बोटीच्या गच्चीवर बसले की दोन्ही काठांना हिरवी पट्टी दिसते. खजुराची झाडे, ऊस, केळी, मधूनच म्हशी. ही पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की तिच्यामागचे पिवळे वाळवंट आणि बोडके डोंगर बोटीतूनच दिसतात. सारा देश या पट्टीत राहतो हे पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण ते तिथे डोळ्यांनी पटले.

गावे काठावर, म्हणून देवळेही काठावर. पण दुसरे कारण दगडाचे आहे. एडफू आणि कोम ओम्बो यांच्या मध्ये सिलसिला नावाची जागा आहे. तिथे नदी अरुंद होते आणि दोन्ही काठांना वालुकाश्माच्या प्रचंड खाणी दिसतात. खडक सरळ कापलेला, जणू खव्याच्या ढेपेतून चौकोन काढून घेतले. या भागातल्या अनेक देवळांचा दगड इथून नावांनी गेला. ग्रॅनाइट मात्र आस्वानचा. तिथल्या खाणीत सुमारे ४२ मीटर लांबीचा एक अर्धवट कोरलेला स्तंभ आजही पडून आहे. काम चालू असताना त्याला तडा गेला म्हणून तो तिथेच सोडून दिला. तीन बाजूंनी सुटा झालेला आणि चौथ्या बाजूने अजून डोंगराला चिकटलेला तो दगड पाहिल्यावर ओबेलिस्क कसे घडवत ते न सांगता कळते.

लक्झर : एका देवळाचे तीन मजले

लक्झर म्हणजे प्राचीन थीब्ज, हे एके काळी राजधानीचे शहर. सूर्य उगवतो त्या पूर्व काठाला वस्ती आणि देवळे, मावळतो त्या पश्चिम काठाला थडगी, अशी ढोबळ वाटणी. राजांची दरी पश्चिमेलाच आहे. हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुनच्या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तिथेच सापडली. थडग्यातल्या वस्तू आता गिझाच्या नव्या महासंग्रहालयात आहेत. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले.

कार्नाकच्या देवळातला खांबांचा मंडप पाहताना मान दुखून येते. एकूण १३४ खांब, त्यांतले मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. आम्ही चौघांनी हात पसरून एका खांबाला कवळ घालून पाहिली, तो पुरता आवाक्यात आला नाही. कार्नाकपासून लक्झरच्या देवळापर्यंत दुतर्फा स्फिंक्सच्या मूर्ती असलेला सुमारे पावणेतीन किलोमीटरांचा रस्ता आहे. शतकानुशतके तो मातीखाली आणि घरांखाली होता. २०२१ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा खुला झाला.

पण आमच्या मनात घर केले ते लक्झरच्या देवळातल्या एका दाराने. हे दार जमिनीपासून कित्येक फूट वर, भिंतीत अधांतरी आहे. पायऱ्या नाहीत, काही नाही. गंमत अशी की देऊळ मातीने भरून गेल्यावर वरच्या पातळीवर गाव वसले आणि तिथे अबू अल-हग्गाग यांची मशीद बांधली गेली. ते तेव्हाच्या जमिनीवरचे दार. पुढे उत्खननात माती उपसली, देऊळ उघडे पडले आणि दार हवेत राहिले. मधल्या काळात याच आवारात ख्रिस्ती लोकांचेही चर्च होते. मशिदीत आजही नमाज होते. एकाच जागी तीन हजार वर्षांहून अधिक काळ माणसे प्रार्थना करत आली आहेत. देव बदलले, जागा तीच राहिली.

या देवळापुढे पूर्वी दोन ओबेलिस्क होते. आज एकच आहे. दुसरा पॅरिसच्या चौकात १८३६ पासून उभा आहे.

भडोचचा माल नाईलवर

लक्झरच्या थोडे उत्तरेला किफ्त नावाचे गाव आहे. ग्रीक त्याला कोप्टोस म्हणत. या गावाचा आणि आपला जुना संबंध आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली गलबते मान्सूनच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांत येत. तिथून माल उंटांवर लादून वाळवंट ओलांडून कोप्टोसला आणत आणि पुढे नावेने नाईलमधून अलेक्झांड्रियाला नेत.

हा माल कुठला? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात बॅरिगाझा बंदराचे सविस्तर वर्णन आहे. बॅरिगाझा म्हणजे आपल्या शेजारचे भडोच, नर्मदेच्या मुखाजवळचे. तिथे पैठण आणि तेर या ठिकाणांहून गाड्यांतून माल येत असे, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे गोदाकाठचा माल नर्मदाकाठी, तिथून समुद्रात आणि मग नाईलवर. बेरेनिकेच्या देवळात भारतीय मातीच्या रांजणात भरून ठेवलेले साडेसात किलो मिरे उत्खननात सापडले, आणि २०२२ मध्ये तिथे बुद्धाची मूर्तीही मिळाली. ममी आपल्याकडे फार उशिरा आली, आपण तिच्या देशात फार आधी गेलो होतो.

एस्नाचे कुलूप

एस्नाला धरणवजा बांध आहे, त्यामुळे अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याची पातळी वेगळी. बोट वर कशी चढणार? त्यासाठी 'लॉक' असते. दोन्ही टोकांना दारे असलेला लांबट हौद समजा. बोट खालच्या बाजूने आत शिरते, मागचे दार बंद होते, वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडतात. पाणी चढते तशी बोटही चढते. पातळी सारखी झाली की पुढचे दार उघडते. यात पंप लागत नाही, काम सगळे उतारावरचे पाणीच करते. पनामा कालव्यातही हेच तत्त्व आहे. बादलीत कागदी होडी ठेवून वरून पाणी ओतले तर घरीही कळेल.

लॉकपाशी बोटी रांगेत थांबतात, तेव्हा लहान होड्यांतून विक्रेते येतात आणि खालून चादरी, झगे पिशवीत घालून थेट गच्चीवर फेकतात. पसंत पडले तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे. त्यांचा नेम पाहून आमच्या क्रीडाशिक्षकांनी मनापासून दाद दिली.

एडफू आणि कोम ओम्बो

एडफूचे होरसचे देऊळ इजिप्तमधल्या उत्तम टिकलेल्या देवळांपैकी एक. याचे काम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरे झाले, म्हणजे १८० वर्षे. ते टिकले कशामुळे? वाळूमुळे. देऊळ जवळजवळ छतापर्यंत गाडले गेले होते आणि छतावर लोकांनी घरे बांधली होती. ओगुस्त मारिएट या फ्रेंच संशोधकाने १८६० च्या दशकात ते मोकळे केले. वाळूने झाकले तेच राखले.

कोम ओम्बोला एकाच देवळात दोन देव आहेत : मगरीच्या तोंडाचा सोबेक आणि ससाण्याच्या तोंडाचा थोरला होरस. त्यामुळे सगळे दुहेरी. दोन दारे, दोन वाटा, दोन गाभारे. शेजारच्या छोट्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत.

इथेच एक खोल गोल विहीर आहे. ती नदीची पातळी मोजण्याची जागा. अशा मापकांवरून त्या वर्षीचा पूर किती येणार ते कळे. पूर बेताचा आला तर गाळ पसरून पीक उत्तम, कमी आला तर दुष्काळ, फार आला तर गावे वाहून जात. या अंदाजावर कर ठरत असे. आपल्याकडे पिकाची आणेवारी पाहून सारा ठरे, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की तिथे आणेवारी पीक येण्याआधी, पाण्यावरूनच लावत.

धरण आले तेव्हा

आता या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आस्वानला पहिले धरण १९०२ मध्ये झाले. त्याच्या पाण्यात फिली बेटावरचे इसिस देवीचे देऊळ वर्षातला बराच काळ बुडू लागले. प्रवासी होडीत बसून खांबांच्या मधून फिरत. पुढे १९६० मध्ये मोठ्या धरणाचे काम सुरू झाले आणि ते १९७० मध्ये पुरे झाले. मागे पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय होणार होता आणि न्यूबिया हा सगळा प्रदेश पाण्याखाली जाणार होता.

८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला आवाहन केले. वीस वर्षे काम चालले. बावीस देवळे व स्मारके हलवली गेली. अबू सिंबेलचे डोंगरात कोरलेले देऊळ १९६४ ते १९६८ या काळात हजारांहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचीवर नेऊन पुन्हा जोडले. एकेक तुकडा वीस-तीस टनांचा. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातल्या मूर्तींवर पडतात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको. देऊळ हलवतानाही ती दिशा सांभाळली. फिलीचे देऊळ शेजारच्या उंच बेटावर नेले आणि १९८० मध्ये ते खुले झाले. याच देवळात इ.स. ३९४ मध्ये कोरलेला, चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख आहे. तो बुडाला असता तर एका लिपीचा शेवटचा शब्दच पुसला गेला असता.

फिलीला आम्हांला नेणारा नावाडी न्युबियन होता. आम्ही त्या कामाचे कौतुक करत होतो. तो ऐकत होता. मग त्याने सांगितले की त्याच्या आजोबांचे गाव सरोवराच्या तळाशी आहे. १९६३-६४ मध्ये गावेच्या गावे उठवून कोम ओम्बोजवळ वसवली. नव्या गावांना जुनीच नावे दिली, पण ती नदीपासून लांब. "आजी म्हणायची, नदी ऐकू येत नाही म्हणून झोप येत नाही," एवढे बोलून तो वल्ही मारू लागला. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन लोक विस्थापित झाले. देवळाचा एकेक दगड क्रमांक घालून हलवला गेला. माणसांची घरे मात्र तशी हलवता आली नाहीत.

बोटीवर परतताना आम्ही गप्प होतो, कारण हे आम्हांला परके नव्हते. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ सरदार सरोवराच्या पाण्यात गेले, नवे गोऱ्याजवळ बांधले. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणाऱ्या आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी जुने देऊळ पाहिलेले आहे. आणि डभोईकडच्या पुनर्वसन वसाहतींत नर्मदाकाठची उठवलेली कुटुंबे आजही राहतात. धरणाचे पाणी आपण पितो, शेतीला घेतो. इजिप्तलाही १९८० च्या दशकातल्या दुष्काळात मोठ्या धरणानेच तारले. धरण वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण पाणी पिणाऱ्याने, त्यासाठी कोण उठले हे विसरू नये, एवढे मात्र मुलांना सांगायलाच हवे.

जाणाऱ्यांसाठी थोडे

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात लक्झर-आस्वानचा पारा चाळिशी ओलांडतो. देवळे सकाळी लवकर पाहावीत आणि दुपारी बोटीवर विसावा घ्यावा. अबू सिंबेल बोटीच्या वाटेवर नाही. मध्ये धरण आहे, त्यामुळे आस्वानहून पहाटे मोटारीने जावे लागते. जाऊन-येऊन दिवस मोडतो, पण चुकवू नये. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. वालाच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची उसळ, त्याच दाण्यांचे वडे, डाळ-भात-मॅकरोनी एकत्र असलेली कोशरी आणि गरम रोटी सगळीकडे मिळते. घोडागाडीचे भाडे आधीच ठरवून घ्यावे.

आणि एक विनंती. थडग्यांत भिंतींना हात लावू नका, फ्लॅश वापरू नका. माणसांच्या श्वासातल्या ओलाव्यानेही रंग खराब होतात. पुराचे पाणी थांबल्यावर जमिनीतली ओल आणि मीठ दगडांत चढू लागले आहे. देवळांना तेवढा त्रास पुरे.

सुट्टीत करून पाहा

१. नाईल आणि नर्मदा यांचे नकाशे शेजारी शेजारी काढा. प्रवाहाची दिशा बाणाने दाखवा आणि दोन्ही नद्यांवरची धरणे नोंदवा.
२. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : नर्मदाकाठचे कोणते देऊळ, कोणता घाट त्यांनी पाहिला होता जो आज पाण्याखाली आहे? ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. निवडक आठवणी पुढच्या अंकात छापू.
३. संग्रहालयात पुन्हा जा आणि ममीपुढे थोडे थांबा.

त्या मुलीला आता आम्ही उत्तर देऊ शकू. हिचे नेमके गाव आम्हांला ठाऊक नाही, पण ते बहुधा नदीकाठीच असणार. तिथे पूर येत असेल, खजूर पिकत असतील, उत्तरेच्या वाऱ्यावर शिडे फुगत असतील आणि संध्याकाळी पलीकडच्या काठावर सूर्य मावळत असेल. आपल्या चांदोदसारखेच की!